मानाचा घोडा, मैदानातला बैल

नांदेडला होला मोहल्ल्याची मिरवणूक निघते तेव्हा निशाणसाहेबांबरोबर गुरूंचे घोडेही चालतात. अंग सजवलेलं, पण पाठीवर स्वार नाही. गुरू गोविंदसिंगजींच्या दिलबाग घोड्याचा हा वंश, अशी श्रद्धा आहे. म्हणून त्यांच्यावर कुणी मांड टाकत नाही. एका समूहाने जिवंत जनावराला आपली खूण मानावी, हे आपल्याला नवं नाही. अमेरिकेतल्या कॉलेजांनीही तेच केलं, फक्त देवळाऐवजी फुटबॉलच्या मैदानात. टेक्सास विद्यापीठाने १९१६ साली लांब शिंगांचा एक बैल आणला, त्याला पुढे बेव्हो हे नाव पडलं. वर्षभरात प्रतिस्पर्धी कॉलेजच्या पोरांनी रात्रीतून येऊन त्याच्या अंगावर तापल्या लोखंडाने १३-० असा डाग दिला. तो आदल्या एका सामन्यातल्या त्यांच्या विजयाचा आकडा. आणि १९२० मध्ये, सांभाळायचा खर्च परवडेना म्हणून, फुटबॉल संघाच्या मेजवानीत त्यालाच शिजवून वाढलं. माझा आक्षेप नेमका इथे आहे. जनावर खूण झालं म्हणून त्याचा मान वाढत नाही. माणसांची हारजीत त्याच्या कातडीवर लिहिली जाते, एवढंच.

शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट उगाळून आजच्यांना दोष का द्यायचा, असं कुणी म्हणेल. त्याचं नाव चालवणाऱ्या आजच्या बेव्होला दाणावैरण, डॉक्टर, सगळं मिळतं, हे खरंच. तरी १ जानेवारी २०१९ ला न्यू ऑर्लिन्समध्ये सामना सुरू व्हायच्या आधीच तो कठडे ढकलून प्रतिस्पर्धी जॉर्जिया विद्यापीठाची खूण असलेल्या बुलडॉगच्या दिशेने धावला. एवढ्या गर्दी-गोंगाटात बैल बिथरला, यात बैलाचं काय चुकलं? दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: पोळ्याला आपणही ढोलताशे बडवतोच की, आणि होला मोहल्ल्याची गर्दी काही शांत नसते. मान्य. श्रद्धेने गोंगाट कमी होत नाही, आणि मिरवणुकीतल्या घोड्यालाही कान असतात. पण पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी लातूरकडच्या गोठ्यात खांदमळणी होते. जू घासून घट्टा पडलेल्या खांद्यावर हळद आणि लोणी चोळलं जातं, बोटं त्या घट्ट्यावर जरा जास्त रेंगाळतात. वर्षभराची ओळख आधी, वाजंत्री नंतर. ढोल त्याने माफ होतात असं नाही. पण दुसऱ्या दिवशी तो बैल पुन्हा त्याच गोठ्यात, त्याच माणसाच्या नजरेखाली असतो.

जिवंत प्राणी दिसला की पोरांना त्याची जात टिकवण्याची आस्था वाटेल, हा युक्तिवाद मला सगळ्यात पटण्याजोगा वाटतो. आपल्याकडे गुरांच्या जातींत देवणी आहे, लाल कंधारी आहे. ट्रॅक्टर आणि संकरित गाईंपुढे दोन्ही मागे पडल्या. उद्या उदगीर-लातूरच्या एखाद्या कॉलेजने देवणीचा काळ्या तोंडाचा वानेरा खोंड आपला शुभंकर केला, तर? टाळ्यांनी वंश वाढत नाही. त्याला चांगले वळू लागतात, वैरण लागते, नोंदी लागतात. आणि जनावर पाळूनही त्याला मैदानापासून दूर ठेवता येतं; लुइझियाना राज्य विद्यापीठाचं उदाहरण इथे कामाचं आहे. १९३६ पासून त्यांच्याकडे माइक नावाचे वाघ एकामागून एक आले. २०१७ मध्ये सातवा माइक आला, तोवर त्याला सामन्याला न्यायचंच नाही असं ठरलं होतं. त्यांचे खेळाडू अजूनही स्वतःला वाघच म्हणवतात. तेव्हा खोंड पाळायचाच असेल, तर उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयातल्या जाणकारांना विचारून आधी गोठा बांधावा, जर्सीवर त्याचं चित्र छापावं, आणि मैदानात नाचायला सोंग घेतलेला एखादा उत्साही पोरगा पाठवावा. त्याला निदान दमल्यावर सांगता तरी येतं.