फरकाचा रकाना

१९९२ च्या दसऱ्याला मी राजदूत ३५० घरी आणली, तेव्हा तिला ओवाळायला आई एकटीच पुढे आली. शेजारीपाजारी दारातून बघत होते. बँकेत चिकटलेल्या मुलानं आणायची गाडी म्हणजे बजाजची चेतक, नाहीतर लिटरमागे साठ-सत्तर किलोमीटर देणारी हिरो होंडा, हे कोल्हापुरातल्या आमच्या पेठेत ठरून गेलेलं होतं. मी आणली ती आठ वर्षं वापरलेली, लिटरला बावीस-तेवीस देणारी, आणि नेमक्या त्याच कारणानं आधीच्या मालकानं विकून टाकलेली. राजदूत हे नाव ऐकून एकानं विचारलंही, "कॅन कुठं अडकवणार?" दुधाचे कॅन वाहणारी राजदूत १७५ सगळ्यांच्या पाहण्यातली होती. ही तिची नावापुरतीच बहीण, हे त्या दिवशी मी कुणाला सांगत बसलो नाही.

आण्णा सगळ्यांत शेवटी बाहेर आले. ते हायस्कूलमध्ये गणिताचे शिक्षक होते, नुकतेच निवृत्त झालेले. चेतकसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यांनीच मला दिले होते आणि त्या पैशांतून मी काय आणणार हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी गाडी पुढून-मागून पाहिली आणि एकच विचारलं, "ब्रेक कसे आहेत?"

"बेताचे आहेत," मी खरं ते सांगितलं.

ते आत गेले. थोड्या वेळानं पाहिलं, तर एका लांब वहीत पट्टीनं रकाने आखत बसले होते. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, ऑइल, दुरुस्ती. शेवटच्या रकान्याच्या डोक्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

आण्णांनी नेमकं ब्रेकचंच विचारलं होतं. यामाहाची आर.डी. ३५० जपानमध्ये १९७३ ते १९७५ या काळात तयार झाली. एस्कॉर्ट्सनं १९८३ मध्ये ती राजदूत ३५० या नावानं आपल्याकडे आणली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. साडेतीनशे सीसीची बुलेट तेव्हा अठरा हॉर्सपॉवरची होती, ही साडेतीस. जपानमधल्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्याकडच्या गाडीला मात्र ड्रम आला. पुढे मायलेजच्या मागणीपायी तिची ताकद सत्तावीस हॉर्सपॉवरवर आणली गेली. आधीची ती एच.टी., म्हणजे हाय टॉर्क, आणि नंतरची एल.टी. माझी एच.टी.

चार हजार आरपीएमपर्यंत ती कुठल्याही गाडीसारखी शहाण्यासारखी चालते. पाच हजारांच्या पुढे काटा सरकला की तिच्या अंगात वारं भरतं. आवाज बदलतो, हँडल हलकं होतं आणि रस्ता अंगावर येतो. कॉलेजात असताना पन्हाळ्याच्या चढावर तो आवाज मी एकदा ऐकला होता. पुढची सात वर्षं तो कानातून गेला नाही. ही गाडी घेण्याचं माझं कारण एवढंच होतं, आणि आजही ते मला पुरेसं वाटतं.

तरी पहिल्या वर्षी मी तिचा नुसता मालक होतो. १९९३ च्या मे महिन्यात वैभववाडीहून करूळ घाट चढताना एका वळणावर इंजिनाचा सूर अचानक बारीक झाला आणि मागचं चाक घासत गेलं. हातानं आपसूक क्लच ओढला म्हणून मी रस्त्यावर पडलो नाही. पिस्टन पकडला होता. उन्हात तास-दीड तास गाडीशेजारी बसून काढला. मग मालवणहून मासे घेऊन कोल्हापूरला निघालेला एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर, क्लीनर, मी आणि करवंदं विकणारी दोन पोरं, अशा पाच जणांनी दीडशे किलोची गाडी उचलून बर्फाच्या पेट्यांशेजारी बांधली.

कोल्हापुरात शिरल्यावर मी घराचा पत्ता सांगितला. ड्रायव्हर म्हणाला, "घराक व्हरून काय करतलास? हिका मिस्त्री होयो." त्यानं टेम्पो सरळ उद्यमनगरात नेला, एका पत्र्याच्या शेडसमोर उभा केला आणि हाक मारली. मी पुढे केलेले पैसे त्यानं घेतले नाहीत. त्याची माझी पुन्हा गाठ पडली नाही. ज्या माणसानं मला माझ्या मिस्त्रींच्या दारात सोडलं, त्याचं नावही मी विचारून घेतलं नाही, ही चुटपुट आजही आहे.

मिस्त्री तेव्हा पस्तिशीचे असतील. शेडमध्ये शेतीची ऑइल इंजिनं, फवारणीचे पंप आणि कोपऱ्यात चार-पाच टू-स्ट्रोक मोटरसायकली. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी मला सांगितलं, "सायेब, उद्या रजा टाका. तुम्ही हितं बसल्याबिगर मी हेड खोलणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी एका डब्यावर बसून मी माझ्या गाडीचं आतलं रूप पहिल्यांदा पाहिलं. उजवा पिस्टन सायलेन्सरच्या बाजूनं ओरबाडलेला होता. "बगा, पिस्टन सगळं सांगतोय," मिस्त्री म्हणाले. या गाडीत पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागत नाही. ऑइलची टाकी वेगळी, पंप वेगळा. अ‍ॅक्सिलरेटर पिळला की कार्ब्युरेटरबरोबर त्या पंपाचीही केबल ओढली जाते, आणि पंपाच्या चाकावर एक खूण असते, ती जुळलेली असावी लागते. महिन्याभरापूर्वी मी शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिसिंग करून घेतलं होतं. तिथं केबल बदलली गेली होती, खूण जुळवली गेली नव्हती. सपाटीला चालून गेलं, घाटात तेल कमी पडलं. मी त्या वर्कशॉपवर रागावून बोलायला लागलो, तेव्हा मिस्त्रींनी थांबवलं. "त्येंचं नाव घेऊन पिस्टन मिळणार न्हाई. खूण कुठं असती ती तुम्ही बघून ठेवा."

पिस्टन मिळणं हाच खरा प्रश्न होता. सिलिंडर बोअर करून अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन घालणं भाग होतं, आणि त्या मापाची जोडी बाजारात नव्हती. मिस्त्रींनी सांगलीच्या एका आर.डी.वाल्याचा पत्ता दिला. मी पोस्टकार्ड टाकलं. आठव्या दिवशी एस.टी. पार्सलनं तेलकट कागदात गुंडाळलेली पिस्टनची जोडी आली, रिंगांसकट. त्यांनी ती स्वतःच्या गाडीसाठी जपून ठेवली होती. सोबत दोन ओळींची चिठ्ठी होती. त्यांची गाडी सध्या उभीच आहे, तोवर माझी तरी पळती राहावी, असं त्यांनी लिहिलं होतं. आम्ही एकमेकांना पाहिलेलंही नव्हतं. पैसे देण्यासाठी मी सांगलीला गेलो, तेव्हा त्यांनी जुनं बिल शोधून काढलं आणि त्यावरची रक्कम तेवढी घेतली.

मिस्त्रींनी मजुरीही लगेच घेतली नाही. "हजार किलोमीटर हू दे. मग बगू." त्या हजार किलोमीटरमध्ये दर शनिवारी, बँकेचा अर्धा दिवस संपला की, मी शेडवर जायला लागलो. प्लग काढून त्याचा रंग वाचायला शिकलो. विटकरी असला तर बरा, पांढरा पडला तर इंजिन उपाशी. दोन सायलेन्सरच्या तोंडाशी दोन तळहात धरून दोन्ही सिलिंडर सारखे श्वास घेतात का, हे ओळखायला शिकलो. या गाडीत दोन्ही सिलिंडरचे पॉइंट वेगळे, त्यामुळे टायमिंगही दोनदा लावायचं. प्लगच्या भोकात डायल गेज बसवायचा, पिस्टन सगळ्यात वर येण्याच्या दोन मिलिमीटर आधी पॉइंट उघडला पाहिजे. मिस्त्री तो गेज लहान मुलाला धरावं तसा धरत. महिन्याभरात 'सायेब' गेलं आणि 'भावा' आलं.

मजुरी देण्याच्या दिवशी त्यांनी मला शिवाजी विद्यापीठाच्या बाजूच्या रिकाम्या रस्त्यावर नेलं. खडूनं रेघ मारली. "पळवाय सगळ्यास्नी येतंय, भावा. थांबवून दाव." टू-स्ट्रोक गाडी अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी स्वतःहून फारशी आवरत नाही, सगळा भार ब्रेकवर. पुढच्या ड्रममध्ये दोन शू असतात. ते दोन्ही एकाच क्षणी टेकतील असं जोडसळीचं सेटिंग त्यांनी आदल्या दिवशी करून ठेवलं होतं. रेघेवर ब्रेक लावायचा आणि गाडी थांबली तिथं दुसरी रेघ. आधी तीसच्या वेगानं, मग साठच्या. पावलं मोजली तेव्हा मी गप्प झालो. रात्री जेवताना आण्णांना सांगितलं. त्यांनी वही काढली, आकडे लिहिले आणि म्हणाले, "बरोबर आहे. वेग दुप्पट, अंतर चौपट." शाळा न शिकलेल्या मिस्त्रींचं आणि आयुष्यभर गणित शिकवलेल्या आण्णांचं उत्तर एकच आलं होतं. त्यानंतर मी कधीही समोरच्या वाहनाच्या फार जवळ गेलो नाही. बत्तीस वर्षांत या गाडीवरून पडलो नाही, त्याचं श्रेय त्या दोन खडूच्या रेघांना आहे.

लग्नानंतर ती दोघांची गाडी झाली. गगनबावडा, आंबा घाट, एकदा तर पंढरपूर. बायकोनं कधी स्कूटरचा विषय काढला नाही. या गाडीचं उत्पादन १९९० च्या सुमारासच थांबलं होतं, २००० साली प्रदूषणाचे नवे नियम आले आणि हळूहळू टू-स्ट्रोक गाड्या शोरूममधून दिसेनाशा झाल्या. माझ्या बरोबरीच्या लोकांनी या काळात चार-चार गाड्या बदलल्या. मी क्रँकचे सील बदलले, सायलेन्सरमधला कार्बन जाळला, पंधरा वर्षं झाल्यावर आर.टी.ओ.त जाऊन नोंदणी वाढवून आणली. अलीकडे लोक थांबवून लाखांच्या भाषेत किंमत विचारतात. पूर्वी हसणारे आता फोटो काढतात. त्यानं माझ्या समाधानात भर पडलेली नाही, कारण ते आधीच पूर्ण होतं.

२००८ मध्ये आण्णा गेले. दिवस झाल्यावर कपाट आवरताना ती लांब वही हाती आली. सोळा वर्षांच्या नोंदी, एकाच वळणाच्या अक्षरात. पहिल्या पानावर डोकं रिकामं असलेल्या त्या शेवटच्या रकान्यावर दुसऱ्या पानापासून एक शब्द होता, 'फरक'. दर महिन्याला चेतकला किती पेट्रोल लागलं असतं आणि माझ्या गाडीला किती लागलं, याची वजाबाकी. प्रत्येक आकड्यापुढे बरोबरची खूण. मला वाटलं, आण्णा माझ्या हट्टाचा हिशेब मांडत होते. वही घेऊन आईकडे गेलो.

आई म्हणाली, "ते तेवढे पैसे दर महिन्याला पेन्शनमधून काढून डब्यात टाकायचे. गाडीपायी घरखर्चाला कमी पडलं, असं कुणी तुला म्हणू नये म्हणून."

सोळा वर्षं मी समजत होतो, की सगळ्यांच्या विरुद्ध जाऊन मी एक निवड केली आणि ती एकट्यानं निभावली. निवड माझीच होती. निभावली ती आण्णांच्या पेन्शननं, सांगलीच्या दोन पिस्टननी, एका अनोळखी टेम्पोनं आणि उद्यमनगरातल्या त्या दोन हातांनी. चाकोरीतली गाडी घेतली असती तर कुठल्याही गॅरेजात भागलं असतं, आणि ही माणसं मला भेटलीही नसती.

मिस्त्रींना काचबिंदू झाला. उपचारांना उशीर झाला होता. आधी डावा डोळा गेला, मग उजव्यानंही डायल गेजवरच्या रेघा दिसेनात. त्यांनी शेड मुलाच्या हाती दिली. तो चांगला कारागीर आहे, पण त्याचं काम नव्या गाड्यांचं. गेल्या वर्षी एका रविवारी मी त्यांना मागं बसवून पन्हाळ्याला नेलं. तीस-बत्तीस वर्षांत त्यांनी ही गाडी शेकडो वेळा चालवून पाहिली होती, पण मागच्या सीटवर ते पहिल्यांदाच बसले. वाघबीळ ओलांडून चढ लागला, गाडीनं पाच हजार गाठले, तिच्या अंगात वारं भरलं. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. वर पोचल्यावर मी विचारलं, "कशी वाटली?"

"डावा सिलिंडर जरा मागं हाय," ते म्हणाले. "पाव फेरा आत घे."

घेतला. त्यांचं बरोबर होतं.

परतल्यावर त्यांनी मुलाकडून कपाटातली एक जुनी लाकडी पेटी मागवली आणि माझ्या हातात दिली. आत डायल गेज होता. मी पैशांचं विचारलं नाही. त्यांना ते लागलं असतं. वाकून नमस्कार केला.

यंदाच्या खंडेनवमीला आमच्या घरच्या पूजेत आण्णांची वही आणि मिस्त्रींचा डायल गेज शेजारीशेजारी होते. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सकाळी गाडीला झेंडूचा हार घातला, आणि आईच्या जागी उभं राहून माझ्या मुलीनं तिला ओवाळलं. गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली.