क्षीरसागर कुठे गेली?

संत्र्यांची प्रतवारी आमच्या शेंदूरजनाघाटच्या पोरांना शिकवावी लागत नाही. नावांचे मात्र निराळे! शाळेची हजार नावांची यादी मुळाक्षरांप्रमाणे लावलेली. ळ, क्ष, ज्ञ अखेरीस. संगणकाला 'क्षीरसागर' विचारले, तर म्हणाला, नाही. पोर फी-माफीचा अर्ज घेऊन समोर उभी!

हे यंत्र पहिल्यापासून वाचीतच नाही. मधले नाव पाहते, अर्धी यादी टाकते, उरलेल्यातले मधले पाहते; हजार नावे दहा खेपांत आटोपतात. पण त्याच्या लेखी क्ष म्हणजे क अधिक ष. मध्ये 'देशमुख' दिसताच ते मागे वळले. पोर राहिली पुढे.

यादी नीट आहे की नाही हे यंत्रानेच का पाहू नये? पाहायचे तर सगळी वाचावी लागेल. मग दहा खेपांची मातब्बरी ती काय! भाचा सांगतो, "मामा, जावा या संगणक-भाषेच्या माहितीपत्रकात बजावलेच आहे : ज्या नियमाने शोधाल त्याच नियमाने यादी आधी लावा, नाहीतर उत्तराचा भरवसा नाही." शाळेत आलेल्या कागदावर एवढेच होते : 'यादी क्रमाने असावी.' अहो, कोणाच्या क्रमाने? त्याखाली मी शाईने लिहिले आहे : 'यंत्राच्या, तेथे क्ष हा क मध्ये.'