एक माझे, एक तुझे

माझा नातू दहावीत शिकतो. त्याचे आईवडील नोकरीनिमित्त परगावी असतात, म्हणून तो आमच्याजवळ अहिल्यानगरला राहतो. आमच्या शहराला हे नाव २०२४ साली मिळाले. माझ्या तोंडी मात्र अजून ‘नगर’च येते. म्हाताऱ्या माणसाची जीभ लवकर वळत नाही.

मुलगा गुणी आहे. अभ्यास करतो, नानीला बाजारातून सामान आणून देतो, मला चष्मा शोधून देतो. आमचे वाकडे होते ते एकाच गोष्टीवरून, ते म्हणजे गाणी. त्याच्याकडे मुठीएवढा एक स्पीकर आहे. एवढ्याशा वस्तूतून एवढा मोठा आवाज कसा निघतो, हे मला अजून कळलेले नाही. संध्याकाळी मी वाचायला बसलो, की तो सुरू होई. मग मी ओरडे, तो आवाज कमी करी, आणि थोड्या वेळाने तो आपोआप पुन्हा वाढे.

गेल्या हिवाळ्यात शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले होते. नातवाचे चारपाच मित्र आमच्या पुढच्या खोलीत नाचाचा सराव करीत होते. गाणे होते ‘सैराट’ चित्रपटातले ‘झिंगाट’. त्या दिवशी माझे डोके दुखत होते, हे खरे. पण नुसते डोके दुखत होते म्हणून मी तसे वागलो, असे म्हटले तर ते खोटे होईल. मी तरातरा बाहेर आलो, स्पीकर बंद केला आणि मुलांसमोर म्हणालो, “हे संगीत नव्हे, गोंगाट आहे! असल्या गाण्यात आहे तरी काय?”

मुले खाली मान घालून निघून गेली. नातू तिथेच उभा राहिला. त्याने शांतपणे विचारले, “नाना, ह्यातलं एक तरी गाणं तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंय का?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. उत्तर नसले की माणसाचा आवाज चढतो. माझाही चढला.

दुसऱ्या दिवसापासून घरात शांतता पसरली. स्पीकर कपाटात गेला. नातू कानात इअरफोन घालून बसू लागला. विचारले तेवढेच बोले. स्नेहसंमेलनातून त्याने आपले नाव मागे घेतले, हे मला आठ दिवसांनी त्याच्या नानीकडून कळले. ती म्हणाली, “तुम्हाला शांतता हवी होती ना? घ्या आता. घर कसं खायला उठलंय.”

त्याच आठवड्यात मी मौलाना अबुल कलाम आझाद यांचे ‘गुबारे खातिर’ पुन्हा वाचायला घेतले होते. तुम्हांला हे पुस्तक ठाऊक असेल. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ आंदोलनाच्या वेळी इंग्रज सरकारने पंडित नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल इत्यादी नेत्यांना पकडून आमच्या नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. नेहरूंनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले आणि मौलानांनी आपल्या एका स्नेह्याला उद्देशून पत्रे लिहिली. ती पत्रे म्हणजेच ‘गुबारे खातिर’.

त्यांतले एक लांबलचक पत्र संगीताविषयी आहे. एवढा मोठा आलिम तरुणपणी सतार शिकला होता, चांदण्या रात्री ताजमहालाजवळ सतार घेऊन बसत होता, हे वाचून आजही नवल वाटते. जगण्याच्या इतर गरजांवाचून आपले चालेल, पण संगीतावाचून चालणार नाही, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले आहे. आणि पुढे ते सांगतात, की ह्या कैदखान्यात रोज संध्याकाळी एकाच वस्तूची उणीव जाणवते, ती म्हणजे रेडिओची.

हे वाक्य मी पूर्वीही वाचले होते. पण त्या दिवशी संध्याकाळचे सात वाजले होते, घर चिडीचूप होते आणि पलीकडच्या खोलीत माझा नातू भिंतीकडे तोंड करून बसला होता. किल्ल्यातल्या कैद्याचा रेडिओ इंग्रजांनी हिरावला होता. आमच्या घरातले गाणे कोणी बंद केले होते?

मला माझे अब्बा आठवले. कापड बाजाराजवळ त्यांचे शिलाईचे दुकान होते. शिलाईयंत्राशेजारी फळीवर एक जुना रेडिओ असे. त्या काळी रेडिओसाठी परवाना लागे आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत. अब्बा ते न चुकता भरीत. ते भक्त होते उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे. किराणा घराण्याचे हे थोर गायक मिरजेला स्थायिक झाले होते आणि १९३७ साली वारले. अब्बांनी त्यांना प्रत्यक्ष कधी ऐकले नव्हते. ऐकल्या त्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका. पण त्यांचे नाव निघाले, की अब्बांची कात्री कापडावर थांबे.

मी सोळा वर्षांचा होतो तेव्हा, म्हणजे १९७१ साली, ‘कारवाँ’ चित्रपट आला. राहुल देव बर्मन यांच्या संगीताने आम्ही पोरे वेडी झालो होतो. एके दिवशी दुकानातल्या रेडिओवर त्यातले गाणे लागले. गाण्यात श्वासाचा आवाज आहे. अब्बांनी मान वर केली आणि म्हणाले, “हे गाणं आहे, की कोणी धावून दमलंय?” त्यांनी बटण फिरवले. गिऱ्हाईके हसली. मी दुकानातून निघालो तो रात्री जेवायलाच परतलो.

गंमत अशी, की आज त्याच गाण्यांना मी ‘आमच्या काळची गोड गाणी’ म्हणतो!

त्यानंतर मीही अब्बांचा सूड घेतला. त्यांनी खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका लावली, की मी उठून बाहेर जाई. त्यांनी माझे एक गाणे पुरते ऐकले नाही, मी त्यांचे एक ऐकले नाही. ते गेल्यावर पुष्कळ वर्षांनी मी त्या ध्वनिमुद्रिका लक्ष देऊन ऐकल्या आणि मग मात्र ऐकतच राहिलो. पण ‘अब्बा, इथे सूर कसा लावलाय!’ असे म्हणायला समोर अब्बा नव्हते.

असे भांडण काही आमच्याच घरात झाले नाही. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्र सरकारात नभोवाणीमंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते मोठे चाहते. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते, असे त्यांना मनापासून वाटे. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ नाहीशी झाली. मग लोकांनी काय केले? त्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला! ‘बिनाका गीतमाला’ आणि अमीन सायानी यांचा आवाज घराघरांत पोहोचला. अखेर १९५७ साली आकाशवाणीने ‘विविध भारती’ सुरू केली आणि गाणी परत आली. केसकरांचे शास्त्रीय संगीतावरचे प्रेम खरे होते, त्याविषयी मला आदरच आहे. पण माझ्या नातवाने इअरफोन घातला, तेव्हा त्यानेही काटा सिलोनकडेच वळवला होता.

त्या रात्री मी त्याच्या खोलीच्या दाराशी गेलो. म्हणालो, “बेटा, तुझं एक गाणं ऐकव. शेवटपर्यंत ऐकीन. मध्ये बोलणार नाही.”

त्याने माझ्याकडे संशयाने पाहिले. मग एका कानातली गोळी काढून माझ्या हातात दिली. ती कानात बसेना. त्यानेच ती नीट बसवली. आम्ही दोघे एकमेकांना चिकटून बसलो, कारण त्याची तार फार आखूड होती.

त्याने ‘सैराट’मधलेच ‘याड लागलं’ लावले होते. आधी व्हायोलिनांचा मोठा समूह आला. एक नाही, दोन नाही, कितीतरी. मग गायकाचा मोकळा, गावरान, जरासा खरखरीत आवाज. मी बोलणार नव्हतो, पण माझी बोटे मांडीवर ताल धरू लागली. नातवाने ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

नंतर त्याने मला पुष्कळ माहिती दिली. ‘सैराट’ २०१६ सालचा. त्याचे चित्रण झाले सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात, म्हणजे आमच्या कर्जत-जामखेडच्या शेजारीच. संगीतकार अजय आणि अतुल गोगावले हे भाऊ. आणि ती व्हायोलिने? ती अमेरिकेत लॉस एंजेलिसला तिथल्या वादकांकडून वाजवून घेतली होती. करमाळ्याच्या रानातल्या पोरापोरींच्या गोष्टीसाठी सातासमुद्रापलीकडचे वादक! आणि त्यावर भाषा अस्सल आपल्या मातीची. मी ज्याला गोंगाट म्हटले होते, त्याच्यामागे एवढी मेहनत होती, हे मला ठाऊकच नव्हते.

“आता तुमचं लावा,” नातू म्हणाला.

मी खाँसाहेबांची एक ठुमरी शोधायला लावली. त्याच्या मोबाइलवर ती क्षणात सापडली. अब्बांना ती ध्वनिमुद्रिका मिळवायला किती खटपट करावी लागली होती! गाणे सुरू होण्याआधी नातवाने भीतभीत विचारले, “नाना, हे तासभर चालेल का?”

मी हसलो. त्या जुन्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटेच मावत. तासभर राग आळवणाऱ्या गवयांना आपले गाणे तेवढ्यात आटोपावे लागे. कलकत्त्याच्या गौहर जान यांनी १९०२ साली ध्वनिमुद्रण केले, तेव्हा हे तंत्र नवेच होते, आणि कितीतरी उस्ताद त्यापासून दूरच राहिले. यंत्रात गाणे कोंबले तर गाणे मरेल, अशी त्यांना भीती वाटे. आज तीच ध्वनिमुद्रणे आपण जपून ठेवतो. आणि नातवाची गाणी तीनचार मिनिटांचीच का असतात, याचे एक मूळ त्या काळ्या तबकडीत आहे.

तेव्हापासून आमचा नियम ठरला. रात्री जेवणानंतर एक गाणे माझे, एक त्याचे. दोघांनी दोन्ही शेवटपर्यंत ऐकायची. आवडले नाही, तर तसे सांगायचे, पण ऐकून झाल्यावर.

सगळेच मला आवडते असे समजू नका. त्याची चार गाणी ऐकली, तर त्यांतली तीन मला रुचत नाहीत. काही गाण्यांत एकच ओळ इतक्या वेळा येते, की कवीला पैसे ओळीवर मिळतात की काय, अशी शंका येते. आणि लग्नाच्या वरातीतल्या डीजेशी तर माझे वैर कायम आहे. आपल्या कायद्यात राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादा सांगितली आहे, आणि वरातीला तिचा पत्ताही नसतो. पण नातू म्हणतो, “नाना, तो दोष गाण्याचा नाही, बटणावरच्या हाताचा आहे.” हे मला मान्य करावे लागले. उद्या कोणी एवढ्या मोठ्याने अब्दुल करीम खाँ लावले, तरी मी खिडकी बंदच करीन.

मला सर्वांत अवघड गेले ते रॅप. ना चाल, ना तान, नुसते भराभर बोलणे. पहिल्या दिवशी मी दात आवळून बसलो. पण उर्दूच्या माणसाचा कान काफियावर असतो. दुसऱ्यांदा ऐकताना माझ्या लक्षात आले, की हा पोरगा ओळीच्या शेवटीच नव्हे, तर ओळीच्या पोटातही काफिया जुळवतो आहे! मुशायऱ्यात काही शायर तरन्नुममध्ये, म्हणजे गाऊन गझल म्हणतात, तर काही चाल न लावता ‘तहत’मध्ये म्हणतात. तहतमध्ये म्हणणाऱ्याला आपण कधी ‘हे काव्य नव्हे’ असे म्हणतो का? मी नातवाला काफिया आणि रदीफ समजावून सांगितले. त्याने मला सांगितले, की मुंबईतल्या कुर्ल्याच्या नेझी नावाच्या तरुणाने २०१४ साली ‘आफत’ हे रॅप प्रसिद्ध केले आणि त्याचे चित्रण साध्या आयपॅडवर केले होते. पुढे अशाच तरुणांवरून २०१९ मध्ये ‘गली बॉय’ हा चित्रपट निघाला. आता नातू स्वतः चार ओळी जुळवून मला दाखवतो. काफिया चुकला, की मी लाल पेन काढतो. शिक्षकाची सवय जात नाही.

परवा मी त्याला संगमनेरच्या अनंत फंदींची गोष्ट सांगितली. पेशवाईतला हा शाहीर. संगमनेरात मलिक फंदी नावाचा एक फकीर होता, त्याच्याशी अनंताची दोस्ती होती, म्हणून लोक त्यालाही ‘फंदी’ म्हणू लागले, असे सांगतात. तो लावण्या रची आणि तमाशात गाई. आमच्याच जिल्ह्यात चौंडीला जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांनी त्याला तमाशाबद्दल बोल लावला आणि तो कीर्तनाकडे वळला, अशी आख्यायिका आहे.

नातवाने विचार करून विचारले, “मग त्याच्या लावण्या लोकांनी टाकून दिल्या का?”

“नाही रे. लोकांनी दोन्ही ठेवले.”

“मग बरं झालं,” तो म्हणाला.

स्नेहसंमेलनातला तो नाच मात्र झाला नाही. मुलांनी दुसरा कार्यक्रम बसवला आणि त्यात माझा नातू नव्हता. ते मला परत करता येणार नाही. मी त्याच्या मित्रांना एका संध्याकाळी घरी बोलावले आणि चूक कबूल केली. त्यांनी स्पीकर लावला, तेव्हा मी खुर्ची ओढून तिथेच बसलो. ‘झिंगाट’ पहिल्यांदा पुरते ऐकले. नानी दारात उभी राहून माझ्या पायांकडे बघत होती. पाय जरासे हलत होते म्हणे.

काल रात्री पहिली पाळी त्याची होती. त्याने एक इंग्रजी गाणे लावले. मला ते मुळीच आवडले नाही आणि मी तसे सांगितले.

“पण शेवटपर्यंत ऐकलंत ना?”

“ऐकलं.”

“मग ठीक.”

नंतर माझी पाळी आली. खाँसाहेबांचा सूर लागला आणि दोन मिनिटे होतात न होतात, तोच नातवाची मान माझ्या खांद्यावर कलंडली. दिवसभर शाळा आणि शिकवणी, पोरगा दमला होता. पण नियम तो नियम. मी त्याला हलवून जागे केले आणि गाणे पुन्हा पहिल्यापासून लावले.