जड पाग

उल्हास नदीचे पाणी समुद्राला नेणाऱ्या वसईच्या खाडीत आम्ही प्रथम शिकलो तो हलका पाग. किनारीला ओवलेले शिशाचे मणी बारीक. एका झटक्यात जाळे पसरे. मात्र ओहोटीच्या ओढीत ते तळाला टेकेपर्यंत बोय खालून निसटत. वडिलांचा पाग जड होता. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि तो आमच्या खांद्यावर आला.

कित्येक दिवस आम्ही तो सारे बळ लावून भिरकावला. जाळे गोळा होऊन धपकन पडे, मासे पांगत. बांधावर बसलेले वडील म्हणत, "अरे, शिसं जड आहे तर जोर कशाला लावतोस? त्याचा तो उघडेल." आम्हांला रागच येई, उपवासकाळातल्या शुक्रवारी घरचे कालवण त्या जाळ्यावरच अवलंबून असे.

जड किनार झटक्याला दाद देत नाही. कमरेतून सावकाश वळावे, घेर मोठा घ्यावा, मण्यांना बाहेर ओढ बसू द्यावी आणि दातांतली कड सर्वांत शेवटी सोडावी. पिसांची खोटी माशी गळाला बांधून मासे धरणारे पाश्चात्य शौकीनही माशी जड असली की घाई करीत नाहीत. मागे गेलेली दोरी सरळ होऊ देतात, मगच हात पुढे आणतात.

एका सायंकाळी पाग ताटासारखा गोल उघडला. आम्ही वळून पाहिले. वडिलांचा डावा हात हवेतच राहिला होता.

"बघत काय राहिलास? दोरी ओढ!"