घोट्यापासून वर

आईच्या डाव्या पायाला, घोट्याच्या आतल्या अंगाला, एक जखम होती. मी लग्न होऊन 1984 साली लीड्सला आले तेव्हा ती होती आणि 1998 साली आई गेली तेव्हाही होती. आई कराडला खानावळ चालवायची. पहाटे पाचला ओट्याशी उभी राहायची. दुपारची पंगत उठली की तासभर भिंतीला टेकायची आणि पुन्हा रात्रीच्या पोळ्यांना उभी. त्या जखमेवर हळद झाली, झेंडूच्या पाल्याचा रस झाला, दवाखान्यातली पिवळी मलमं झाली, गोळ्यांचे कोर्स झाले. कुणी म्हणालं साखर असेल. तपासली तर नव्हती. जखम महिनाभर सुकायची, खपली धरायची आणि परत पाणी सोडायची. आई लुगड्याचा काठ जरा खाली ओढून कामाला लागायची.

एक गोष्ट मात्र ती नेहमी सांगायची. "नदीवर धुणं धुवायला गुडघाभर पाण्यात उभी राहिले की पाय कसा हलका होतो बघ." आम्हाला वाटायचं, कृष्णामाईवरची तिची श्रद्धा बोलतेय.

तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात कर्कगेट मार्केटमध्ये कुणाच्या तरी ढकलगाडीची कड माझ्या डाव्या पायाला घासली. जागा तीच, घोट्याच्या आतली. मी तेव्हा 63 वर्षांची होते. शाळेच्या स्वयंपाकघरात 26 वर्षं उभ्याने काम करून निवृत्त झालेली. तो पाय मला आधीपासून सांगत होता, मी ऐकलं नव्हतं. संध्याकाळी सूज यायची, मोज्याचा वळ उमटायचा. नडगीच्या खालची कातडी तपकिरी आणि लाकडासारखी टणक झाली होती. रात्री खाज सुटायची. वय झालं, थंडी आहे, असं मी म्हणत राहिले.

त्या ओरखड्याची आठवड्याभरात बोराएवढी जखम झाली, महिन्याभरात रुपयापेक्षा मोठी. मीही आईने केलं तेच केलं. हळद लावली, पट्टी बांधली, वर जाड मोजा घातला. पट्टी दोन तासांत भिजायची. वास यायला लागला. अलेक्झांड्रा रोडवरच्या मंदिरात आरतीला गेले की चपला काढून मी दाराजवळच बसायची, कुणाशेजारी नको म्हणून. सात आठवडे मी हे घरातही लपवलं. शेवटी एका रात्री हे म्हणाले, "अगं, तुझ्या पायाला काय झालंय ते मला दाखव. तू आईंसारखी वागतेयस." त्या एका वाक्याने मी पाय पुढे केला.

मग आम्ही जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या, दवाखान्यात गेलो. इथे त्याला सर्जरी म्हणतात. तिथल्या नर्सने जखमेकडे पाहिलं, पण आधी हात पोटरीला लावला. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, म्हणून बोटांनी ऊब बघतेय, असं तिने सांगितलं. मग तिने मला वीसेक मिनिटं आडवं ठेवलं आणि दोन्ही दंडांचा आणि दोन्ही घोट्यांचा रक्तदाब घेतला, घोट्यापाशी डॉप्लरचं पेनासारखं यंत्र टेकवून. धमनीतलं रक्त फुस्स-फुस्स असा आवाज करत जात होतं. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागलं तर माझं उत्तर 1.04 आलं. हा आकडा 0.8 च्या खाली असता तर पायाकडे येणारं रक्तच कमी आहे असं ठरलं असतं, आणि अशा पायाला घट्ट बांधलं तर बोटं, पाऊल गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून हे मोजल्याशिवाय कुणीही पाय आवळू नये. "तुझ्या धमन्या छान आहेत, लव्ह," ती म्हणाली. लीड्समध्ये बसचा ड्रायव्हरसुद्धा लव्ह म्हणतो, पण त्या दिवशी तो शब्द मला मायेचा वाटला. "तुझं दुखणं वर परतणाऱ्या रक्ताचं आहे."

परतणारं रक्त म्हणजे काय, हे तिने मला लीड्सच्या कालव्यावरून समजावलं. लीड्स-लिव्हरपूल कालवा आमच्या शहरातून निघून पेनाइन डोंगर चढून पलीकडे उतरतो. पाणी डोंगर कसं चढेल? तिथे बिंगलीला 1774 सालचे दरवाजांचे पाच कप्पे आहेत, एकाला एक लागून जिन्यासारखे. होडी एका कप्प्यात शिरते, मागचं दार बंद होतं, पाणी भरतं, होडी वर उचलली जाते, मग पुढचा कप्पा. असं करत ती सुमारे 18 मीटर चढते. पायाच्या नसांमध्येही अशीच छोटी छोटी दारं असतात. चालताना पोटरी आवळली की रक्त वर ढकललं जातं आणि मागचं दार मिटतं, म्हणून ते खाली येत नाही. माणूस नुसता उभा असतो तेव्हा घोट्याच्या नसेतला दाब पाऱ्याच्या 80 ते 90 मिलिमीटरपर्यंत असतो. धडधाकट पायाने चालायला लागलं की तो 30 च्या खाली उतरतो. माझ्या पायातली दारं नीट मिटत नव्हती. धाकट्याच्या बाळंतपणानंतर डावी पोटरी सुजून दगडासारखी झाली होती. ती खोल नसेतली गुठळी होती आणि तिने दारं मोडून ठेवली होती. त्यामुळे मी चालले तरी दाब उतरत नव्हता. सगळ्यात खालच्या कप्प्यात पाणी साचून भिंती झिरपाव्यात, तसा माझा घोटा वर्षानुवर्षं झिरपत होता. तपकिरी रंग रक्तातल्या लोखंडाचा होता. अशा कातडीला ओरखडा पुरतो.

म्हणजे जखमेवर काय लावायचं हा प्रश्नच दुय्यम होता. आईच्या जखमेवर किती जणांनी किती काय लावलं! तिच्या नसेचा विचार एकानेही केला नाही.

पहिले पाच आठवडे बँडेज होतं, कारण पाय फार सुजलेला आणि ओला होता. चार थर: आधी कापसाचा मऊ थर, मग क्रेप, मग ताणाचं बँडेज, वरून स्वतःलाच चिकटणारं. बोटांच्या मुळापासून गुडघ्याच्या खालपर्यंत. पहिल्या दोन रात्री मी रडले. पाय कुणी मुठीत धरून ठेवलाय असं वाटायचं. नर्सने निक्षून सांगितलं होतं की बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा कळ सोसेना झाली तर वाट न बघता सोडायचं आणि फोन करायचा. तसं झालं नाही. तिसऱ्या रात्री मला सलग झोप लागली, कित्येक महिन्यांनी.

दर आठवड्याला ती जखमेवर पारदर्शक कागद ठेवून पेनाने कडा गिरवायची. पहिला आकार मला नकाशातल्या कोयनेच्या जलाशयासारखा दिसला होता, लांबट, वेडावाकडा. त्याच्याशेजारी दुसरा, तिसरा. कडा आत सरकत होत्या. ते कागद मी अजून जपून ठेवलेत.

सूज उतरल्यावर मोजे आले. आधी मोजपट्टी: घोट्याचा सगळ्यात बारीक भाग, पोटरीचा सगळ्यात जाड भाग, टाचेपासून गुडघ्यापर्यंतची उंची. लीड्स एके काळी मापाचे सूट शिवणारं शहर म्हणून नावाजलेलं होतं. त्या गावात माझ्या पायाचंही माप निघालं. दोन मोजे एकावर एक. आतला पातळ, रात्रीही राहणारा. वरचा जाड, सकाळी चढवायचा आणि झोपताना उतरवायचा. दोन्ही मिळून घोट्याशी पाऱ्याच्या सुमारे 40 मिलिमीटर दाब, आणि वर गुडघ्याकडे तो कमी होत जातो. रक्ताला वरची वाट सोपी व्हावी म्हणून.

मी विचारलं, बँडेज सोडून मोजा घातला तर बरं व्हायला उशीर नाही ना होणार? त्यावर तिने यॉर्क विद्यापीठाने केलेल्या चाचणीबद्दल सांगितलं. ती 2014 साली 'द लॅन्सेट'मध्ये छापून आली. 457 रुग्ण होते. काहींना चार थरांचं बँडेज, काहींना असे दोन मोजे. जखम भरायला लागलेला मध्यक काळ बँडेजने 98 दिवस, मोज्यांनी 99. पण भरलेली जखम पुन्हा उघडण्याचं प्रमाण बँडेजवाल्यांत 23 टक्के आणि मोजेवाल्यांत 14 टक्के होतं. तिने दुसरी बाजूही लपवली नाही: मोजे न झेपल्यामुळे उपचार बदलणाऱ्यांची संख्याही मोजेवाल्यांत जास्त होती. "म्हणून तुझे हात आणि तुझा नवरा, दोघांची मला गरज आहे," ती म्हणाली.

तिचं म्हणणं खरं होतं. माझ्या बोटांना संधिवात आहे. पहिल्या सकाळी मोजा टाचेपाशी अडकला आणि मी तो फेकून दिला. ह्यांनी तो उचलला. भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले, मोजा टाचेपर्यंत उलटा केला, पावलावर सरकवला, टाच बरोबर खोबणीत बसवली आणि तळहातांनी इंच-इंच वर नेला. आता ते रोज करतात. सुरकुती राहू द्यायची नाही. वरचा काठ कधीच दुमडायचा नाही. दुमडला की तिथे फास बसतो. मलम रात्री लावायचं, सकाळी नाही. धुतलेला मोजा रेडिएटरवर टाकायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पलंगावरून पाय खाली सोडायच्या आधी घालायचा. एकदा उभं राहिलं की पाय भरायला लागतो. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती. ह्यांनी माझे पाय कधी हातात घेतले नव्हते. आई असती तर तिला ते चाललं नसतं. मलाही आधी चाललं नाही.

मोजा घालून बसून राहायचं नसतं. पोटरी हलली तर मोज्याला काम मिळतं. म्हणून मी रोज कर्कस्टॉलच्या बाजूने कालव्याकाठी अर्धा तास चालते. दरवाजांपाशी थांबते आणि ते नीट मिटलेले बघून मला बरं वाटतं.

जखम 117 व्या दिवशी बंद झाली. नर्सने कागद ठेवला आणि गिरवायला काही नव्हतं. दरम्यान मला नसांच्या तज्ज्ञांकडेही पाठवलं होतं, कारण वरवरची गळकी नस लवकर बंद केली तर जखम लवकर भरते, हे 2018 साली आणखी एका ब्रिटिश चाचणीने दाखवलं आहे. माझी वरची नस त्यांनी बंद केली. पण खोल नसेतली दारं परत बसत नाहीत, म्हणून मोजा आयुष्यभर. मला तो आता ओझं वाटत नाही. चष्मा जसा डोळ्याला, तसा तो माझ्या पायाला.

मोज्यांबद्दल वाचताना मला कॉनराड योब्स्ट हा जर्मनीत जन्मलेला, अमेरिकेत राहिलेला इंजिनिअर भेटला. त्याचेच पाय असे होते. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की त्यांना आराम पडतो, हे त्याच्या लक्षात आलं. पाणी जितकं खोल तितका दाब जास्त. म्हणजे घोट्याला सर्वांत जास्त, वर येईल तसा कमी. तोच दाब कापडात विणता येईल का, या विचारातून त्याने 1950 च्या सुमारास असे मोजे तयार केले.

मी पुस्तक मिटून ठेवलं. गुडघाभर कृष्णेत उभी असलेली आई दिसली. तिला नेमकं कळलं होतं. तिच्या पायाने स्वतःचं औषध शोधलं होतं आणि ती ते आम्हाला कितीदा सांगत होती. आम्ही हात जोडले आणि विषय सोडून दिला.

खानावळ आता माझी धाकटी बहीण चालवते. गेल्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर मी तिला घोटा दाखवायला लावला. तपकिरी डाग होता. जखम नव्हती. मी म्हटलं, दुकानातून अंदाजाने मोजा आणू नकोस. आधी डॉक्टरांकडून धमनी तपासून घे, मग सकाळी, सूज यायच्या आधी, माप दे. ती आठ दिवस टाळत राहिली. ओट्याशी कोण उभं राहणार, म्हणाली. मी तिला आईच्या जखमेची आठवण करून दिली. मग गेली.

आता माझी सकाळ झाली की मी कराडला फोन लावते. तिथे तेव्हा दुपारच्या पंगतीची घाई असते. मागे पोळपाट-लाटण्याचा आवाज येतो.

"घातलेस का गं?"

"पहाटेच घातले, ताई. तू?"

मी पलंगावरच असते, पाय अजून खाली सोडलेले नसतात. हे रबरी हातमोजे घालत असतात.