स्वर्ग आहे, पण साप आहेत!

लॅपटॉप उचलून कोकणात शिफ्ट व्हायचंय, पण झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढता? मग हे पान तुमच्यासाठीच!

‘सगळं सोडून कोकणात जाऊन राहावं यार!’ पुण्या-मुंबईच्या प्रत्येक ऑफिसात हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. बहुधा सोमवारी. २०२० नंतर मात्र काहीजण खरंच निघाले. कुणी गावचं बंद घर उघडलं, कुणी भाड्याने घेतलं. नेटची रेंज, बॉसची परवानगी, आई-बाबांची समजूत, सगळं एकेक करून जमतं. आणि मग शेवटी कुणीतरी आवाज खाली करून विचारतं, ‘पण तिकडे साप असतात ना?’

असतात. भरपूर असतात.

मी ठाण्याची, सातव्या मजल्यावर वाढलेली. वन्यजीवनाशी माझा संबंध ग्रिलमधलं कबूतर आणि सिंकखालचं झुरळ एवढाच. कुडाळजवळच्या एका गावात कौलारू घर भाड्याने घेतलं, त्याला आता तीन पावसाळे झाले. ‘भीती गेली का गं?’ असं मैत्रिणी फोनवर विचारतात. गेली नाही. पण आता तिचा उपयोग होतो. तो कसा, ते सांगते.

पहिली भेट किड्यांची

तुम्ही सापाची वाट बघत बसता आणि आधी हजर होतात ती पाखरं. जूनच्या पहिल्या दणदणीत पावसानंतर संध्याकाळी वाळवीला पंख फुटतात आणि हजारोंच्या संख्येनं ती तुमच्या ट्यूबलाइटवर येते. तिच्यामागे पाली, पालींमागे आणखी कोण कोण! उपाय सोपा आहे. अर्धा तास घरातले दिवे बंद करायचे आणि अंगणातला एक चालू ठेवायचा. पार्टी तिकडे सरकते.

मग ‘पैसा’ येतो. शेकडो पायांचा, हात लावला की नाण्यासारखा गुंडाळून बसणारा. हा बिचारा कुणाला चावत नाही. गोम मात्र चावते आणि सॉलिड दुखतं. न्हाणीघरातला तळहाताएवढा कोळी दिसायला भयंकर असला, तरी झुरळं खातो. त्यामुळे मी त्याला भाडं न घेता राहू दिलंय.

खरं टेन्शन घ्यायचं ते लहानांचं. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो, म्हणजे नेमका तुमच्या मीटिंगच्या वेळी. दोडामार्ग भागात २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली, ती गोचिडीमुळे. रानातून किंवा काजूच्या बागेतून फिरून आलात की अंग आणि कपडे तपासायचे. लाल विंचूही कोकणातला जुना रहिवासी. एकेकाळी त्याच्या दंशाने माणसं पटापट दगावायची. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध त्यावर चालतं हे दाखवून दिलं आणि चित्र बदललं. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. आपण एवढंच करायचं, बूट घालण्याआधी ते झटकायचे.

सगळ्यांना नाही, चौघांना घाबरा!

आता मुख्य पाहुणे. भारतात सापांच्या तीनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक बिनविषारी. सर्पदंशाच्या मृत्यूंचा मोठा वाटा चौघांचा: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. माझ्यासारख्या भित्र्या माणसाला या माहितीने जेवढा आधार दिला, तेवढा कुठल्याच ‘बी पॉझिटिव्ह’ने दिला नव्हता.

चौघांच्या सवयीही वेगवेगळ्या. नाग फणा काढून आधी इशारा देतो. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. मण्यार रात्री फिरते, घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. तिचा दंश कित्येकदा कळतसुद्धा नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. म्हणूनच कोकणात खाट आणि खाली नीट खोचलेली मच्छरदाणी ही डासांपलीकडची गोष्ट आहे.

आणि फुरसं! जेमतेम हातभर लांब, जांभ्या दगडाच्या रंगात मिसळून जाणारं. सड्यावर, दगडाखाली, गडग्याच्या फटीत पडून असतं. आपल्या पावलांच्या कंपनांनी बाकीचे साप सहसा बाजूला होतात, हे मात्र जागचं हलत नाही. अंगाचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतं. रत्नागिरी जिल्ह्यात ही इतकी असायची, की इंग्रजांच्या काळात त्यांना मारण्यासाठी बक्षीस लावलं होतं. (आज असला विचारही करू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण आहे.)

बाकी जे दिसतं ते बहुधा धामण, दिवड, नानेटी किंवा पालींच्या मागावर घरात शिरलेला कवड्या. धामण उंदीर खाते, उंदीर नसले की नागालाही तुमच्या घरात इंटरेस्ट राहत नाही. आमच्या घरमालकीण काकी सापाला साप म्हणत नाहीत; ‘जनावर’ म्हणतात, नाहीतर ‘किरडू’. पहिल्याच आठवड्यात मागीलदारी धामण बघून मी किंचाळले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, ‘तो तुका बघून पळता, तू तेका बघून पळतस. मगे भांडाण खय आसा?’

भीती-भीतीत फरक

पण काकी बेफिकीर आहेत असं समजू नका. अंधार पडला की बॅटरीशिवाय त्या खळ्यातसुद्धा उतरत नाहीत. लाकडाच्या ढिगात आधी काठी घालतात, मग हात. हे कशासाठी, ते मला दुसऱ्या पावसाळ्यात कळलं.

गवत काढताना वाडीतल्या एका दादांच्या पायाला फुरसं चावलं. कुणी ‘आधी उतरवून घेऊया’ म्हणालं, काकींनी त्याला तिथेच गप्प केलं. दादांना आमच्या गाडीत घातलं आणि ग्रामीण रुग्णालय गाठलं. डॉक्टरांनी काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि ती वीस मिनिटं न हलवता उभी ठेवली. नंतर तिरकी करून बघितली. रक्त गोठलंच नव्हतं, पाण्यासारखं वाहिलं. लगेच प्रतिविष सुरू झालं. दादा वाचले. पाय बरा व्हायला महिना लागला आणि त्या वर्षीची लावणी बायकोने एकटीने उरकली.

देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. त्यातली बहुसंख्य खेड्यातली आणि मरण्याचं प्रमाण पावसाळ्यात जास्त. म्हणजे चिखलात, गवतात, अनवाणी राबणारी माणसं.

त्या दिवशी लक्षात आलं, मला भीती होती साप दिसण्याची. काकींना भीती आहे तो चावण्याची. पहिली माणसाला घरात कोंडून घालते, दुसरी हातात बॅटरी देते. तेव्हापासून मी दुसरी घ्यायला शिकतेय. अजून साप दिसला की छातीत धडधडतं, पण पाय जागेवर थांबतात आणि नजर डोक्यापासून शेपटीपर्यंत जाते. चौघांपैकी आहे का? मग दार लावून फोन.

आणि गंमत बघा. आंबोलीत भर पावसाळ्यात, रात्री, शहरातून माणसं पैसे मोजून येतात आणि जळवा पायाला लावून घेत झाडाझुडपांत हिरवागार चापडा शोधत फिरतात. तुम्ही तोच शेजार फुकटात मिळवताय!

शिफ्ट होण्याआधी

• घर बघताना समुद्र किती लांब हे नंतर विचारा. प्रतिविष असलेलं जवळचं रुग्णालय कुठे आणि रात्री तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे आधी. एकदा स्वतः जाऊन विचारून या.

• दाराखालच्या फटी बुजवा, खिडक्यांना आणि मोरीच्या तोंडाला जाळी लावा.

• लाकडं, चिरे, सोडणं, वाळलेली चुडतं भिंतीला टेकवून रचू नका. पातेरा झाडून टाका.

• रात्री बॅटरी, पायात बूट, गवतात गमबूट. अपवाद नाही.

• चावलंच तर दोरी आवळणं, कापणं, चोखणं बंद. अंगठ्या, घड्याळ काढा, चावलेला हात-पाय हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करा, किंवा मिळेल त्या गाडीने निघा. साप पकडून सोबत न्यायची गरज नाही.

• घरात साप शिरला तर वनविभागाचा १९२६ हा नंबर किंवा गावातला प्रशिक्षित सर्पमित्र. हिरोगिरी नको.

• पहिला मुक्काम मे महिन्यात नको, जुलैत करा. तो महिना निभावलात, तर खुशाल सामान हलवा!