हौद्यात बैल, मग माणूस कुठे?

म्हसाच्या बैलबाजारात लोक जनावरांचे दात, शिंगं, खूर पाहतात. मी गाड्यांचे हौदे पाहतो. पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची, म्हणजे आपल्या म्हसोबाची जत्रा भरली की शहापूर-मुरबाड-कर्जत रस्त्याकडेच्या भातकापणी झालेल्या खाचरांत पिकअप आणि टेम्पो उभे राहतात. माळशेज घाट उतरून आलेले असतात, कर्जतच्या बाजूने आलेले असतात. मुरबाडला गाड्यांच्या बॉडी बांधणं हा माझा व्यवसाय आहे, म्हणून त्या खाचरांतून फिरताना मला प्रत्येक फाळक्यामागे कुणाचा तरी हिशेब चुकलेला दिसतो. बैल चाकाला बांधलेले, हौद्यात शेण आणि मूत, वर पेंढ्याचे भारे. ज्याने त्या बैलासाठी गाडी घेतली तो गृहस्थ चेसीखाली गोणपाट अंथरून, घोंगडी डोक्यावरून घेऊन झोपलेला. पौषातलं दव चेसीखालीही पोचतं.

शर्यतीचा बैल बाळगणाऱ्याला अशी गाडी हवी असते जी दोन बैल नेईल, शर्यतीची छकडी नेईल, दोन दिवसांची वैरण नेईल आणि रात्री चार माणसांना पाठ टेकू देईल. त्याला दाखवल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी एकीचाही हौदा हे चारही लक्षात घेऊन आखलेला नसतो. इंजिन, टायर, मायलेज, हप्ता यांवर तासभर बोलणं होतं. हौद्याची आखणी मात्र रिकाम्या हौद्याकडे एक नजर टाकून ठरते, आणि रिकामा हौदा नेहमीच मोठा दिसतो.

नेहमीच्या पिकअपचा हौदा धरू. लांबी साधारण ९ फूट, रुंदी साडेपाच. क्षेत्रफळ झालं साडेएकोणपन्नास चौरस फूट. जनावरं नेणाऱ्या गाड्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१५ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात गाई-म्हशींच्या वर्गातल्या प्रत्येक जनावराला २ चौरस मीटर जागा आणि मध्ये कायमचं पार्टिशन सांगितलं आहे. दोन चौरस मीटर म्हणजे साडेएकवीस चौरस फूट. दोन बैलांचे त्रेचाळीस. उरले साडेसहा. त्यात आतल्या बाजूंना लावायच्या गाद्या आणि मधल्या पार्टिशनची जाडी मिळून सहा इंच रुंदी जाते. राहिली साठ इंच, प्रत्येक बैलाला तीस. डोकं पुढे करून उभा राहिलेला मोठा खिल्लार शेपटीमागे हातभर जागा सोडतो. छकडी, वैरण आणि चार माणसं या हातभर जागेत बसवा, असं म्हणणारं गिऱ्हाईक माझ्याकडे दर हंगामात येतं. त्याचं चुकत नाही. त्याला कुणी आधी हे गणित मांडून दाखवलेलंच नसतं.

बैल आडवे उभे केले तर लांबी वाचेल, हा उपाय बरेच जण सुचवतात. वाहनात जनावर कसं उभं राहतं यावर परदेशात बराच अभ्यास झाला आहे. त्यात असं दिसलं की गाय-बैल गाडीच्या दिशेला समांतर किंवा अगदी काटकोनात उभे राहणं पसंत करतात, तिरपं उभं राहणं टाळतात. साडेपाच फुटांत खिल्लार आडवा मावत नाही, म्हणून तो तिरपा होतो. मग प्रत्येक वळणावर त्याला पाय सावरावे लागतात. माळशेजची वळणं अशा अवस्थेत उतरलेला बैल मैदानात उतरतो तेव्हा त्याच्या मांड्या थरथरत असतात. डांगी बैल थोडं सोसतो, बांध्याने आटोपशीर असतो. शर्यतीचा उंच खिल्लार सोसत नाही. १९७८ च्या जनावर वाहतूक नियमांनीही बैलांची तोंडं शक्यतो इंजिनाकडे ठेवायला सांगितलं आहे, घसरू नये म्हणून तळाला काथ्याची चटई किंवा लाकडी फळ्या सांगितल्या आहेत, बाजूंना गाद्या सांगितल्या आहेत. आजही यातला एकही शब्द बदलावासा मला वाटत नाही. तरी मी चेकर्ड पत्र्याचा उघडा तळ असलेल्या गाड्या दर जत्रेत पाहतो. ओल्या शेणावर तो पत्रा म्हणजे बैलाच्या पायाशी उघड वैर.

हे सगळं इतक्या तातडीने सांगण्याचं एक कारण आहे. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या. राज्याने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने ती दुरुस्ती कायम ठेवली. मधल्या वर्षांत आमच्याकडे वीटभट्टीच्या आणि भाजीच्या गाड्या येत होत्या. आता ठाणे-रायगडात बिनजोड शर्यत पुन्हा जोरात आहे आणि बैलाच्या गाड्या येतात. पण येतात त्या भाजीच्याच हौद्यासह. बंदीच्या काळात बैलाची गाडी कशी बांधायची हे बऱ्याच कारखान्यांतून विसरलं गेलं, आणि नव्या मालकांनी ती कधी पाहिलीच नाही.

हा प्रश्न फक्त आपलाच नाही. अमेरिकेत मोटारसायकली आणि चारचाकी खेळगाड्या घेऊन फिरणाऱ्या हौशी लोकांसाठी एक प्रकारचं ट्रेलर मिळतं. पुढे स्वयंपाकघर आणि झोपायची जागा, मागे गॅरेज, मागचा दरवाजा खाली पडला की त्याचाच उतार होतो. तिथल्या खरेदीदारांचं दुखणं ऐकलं की मला म्हसाचं खाचर आठवतं. गाड्या आत असेपर्यंत मागचे पलंग छताला उचललेले, म्हणून वाटेत मुक्काम करायचा तर आधी गाड्या बाहेर काढा. आणि काढल्या तरी पेट्रोलचा वास उशाशी राहतो. इंग्लंडमध्ये घोडे नेणाऱ्या गाड्यांना पुढे राहायची खोली जोडतात, तिथे प्रश्न तोच: खोली मोठी केली की घोड्याची जागा आखडते. म्हणजे हा घोळ आपल्या गरिबीचा नाही. पैसा ओतूनही तो सुटत नाही, जोवर आखणारा माणूस एक रात्र त्या गाडीत काढत नाही.

माझी आखणी आता ठरलेली आहे. माणसांसह मुक्काम करायचा असेल तर १४ फुटी टेम्पोशिवाय गत नाही, हे मी पहिल्याच बैठकीत सांगतो. मागचे ९ फूट बैलांचे. पुढचे साडेचार-पाच फूट माणसांची आडवी खोली. टेम्पोची रुंदी सहा-साडेसहा फूट असल्याने माणूस पूर्ण पसरतो, खाली दोघे आणि वरच्या फळीवर दोघे. ही खोली थांबल्यावरची. चालत्या गाडीत हौद्यात माणसं भरू नयेत; नियम प्रत्येक गाडीत एक राखणदार सांगतो, बाकीच्यांनी दुसऱ्या वाहनाने यावं. खोली आणि बैल यांच्यामधली भिंत छातीपर्यंत बंद, वर जाळी. माणसाला बैल दिसला पाहिजे, बैलाला माणसाचा आवाज ऐकू गेला पाहिजे. बैलांचं मूत खोलीकडे येऊ नये म्हणून तळाला मागच्या बाजूला बोटभर उतार आणि कडेला नळी. ही नळी नसेल तर चॅनेल आतून कुजतात, बाहेरून रंग शाबूत दिसत राहतो.

वजनाचं इथे भान ठेवावं लागतं. दोन बैल मिळून ९०० ते १००० किलो होतात, आणि खोली पुढे गेल्याने ते वजन मागच्या आसावर सरकतं. बैल एक पाऊल मागे आला तर चढावर पुढची चाकं हलकी होतात. म्हणून बैलांच्या मागे मांडीच्या उंचीवर गादी लावलेला आडवा दांडा हवाच. फाळक्याच्या भरवशावर बैल उभा करू नये.

छकडी टपावर, केबिनच्या वरच्या कॅरियरवर. बैलांच्या पायाशी ती कधीच नको. तिच्या कडेने घोट्याला लागलेला घाव त्या हंगामापुरता बैलाला बसवतो. शिवाय जनावरांसाठीच्या गाडीने इतर माल कधीच वाहू नये, असं नियमही सांगतात.

या शेवटच्या नियमावर माझं एक गाऱ्हाणं आहे. वर्षाचे बाकीचे महिने तीच गाडी भाजी आणि भात वाहून हप्ता फेडते. कायमचं पार्टिशन आणि फक्त जनावरांसाठीच गाडी, हे मोठ्या व्यापाऱ्याला परवडतं, दोन बैलांच्या मालकाला नाही. बैलाची जागा नियमाने नेमकी ठरवली ते उत्तमच झालं. पण बैलाबरोबर रात्रभर जागणाऱ्या माणसाची जागा, आणि खाचे बसवून भक्कमपणे काढता-घालता येणारं पार्टिशन, यांचा विचार व्हायला हवा. बैलाच्या धक्क्याला टिकेल असं काढतं-घालतं पार्टिशन बांधता येतं, हे मी माझ्या अनुभवावरून सांगतो.

आता चढ-उताराचं. टेम्पल ग्रँडिन यांनी जनावरांच्या हाताळणीवर आयुष्य घालवलं. त्या पक्क्या रॅम्पला २० अंश आणि हलवता येणाऱ्याला २५ अंश एवढीच चढण मान्य करतात. हौदा जमिनीपासून तीन फूट असेल तर २५ अंशांसाठी सात फुटांहून लांब फळी लागते. फाळका पाडून तिचं काम होत नाही, तो इतका लांब नसतोच. म्हणून आपल्याकडे गाडी बांधाला लावतात किंवा बैलाला उडी मारायला लावतात. बांध हा उत्तम उपाय आहे, उडी नाही. मी तळाखाली दोन चॅनेलमध्ये सरकणारी फळी देतो, तिच्यावर वीतभर अंतराने आडव्या पट्ट्या. वजनाला भारी होते, ओढायला दोन माणसं लागतात, आणि मालक सर्वांत आधी तीच कापायला सांगतात. ती मी कापत नाही.

गाडी बघायला जाताना तुमचा मोठा बैल मोजून जा: नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत, खुरापासून वशिंडापर्यंत, आणि शिंगांच्या टोकांमधलं अंतर. विक्रेत्याच्या अंगणात हौद्याच्या तळावर खडूने दोन बैल आखा, मधलं पार्टिशन आखा, मग उरलेल्या जागेत स्वतः आडवे होऊन पाहा. म्हसाला गाडी न्यायची असेल तर चेसी दिवाळी उलटताच माझ्यासारख्याकडे आणून लावा. बांधणी, रंग आणि पासिंग यांत आठवडे जातात, आणि नव्या गाडीत बैलाला जत्रेआधी दोन-चार वेळा रिकाम्या रस्त्यावर फिरवून आणावं लागतं.